रद्द पासपोर्टाची चोरी

१

पाकीट फोडलं तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते, आणि नऊ पस्तीसला यादीताई खुर्चीत बसून रडत होती.

"पाकिटात नाही, टेबलावर नाही, टेबलाखाली नाही," ती नाक पुसत म्हणाली. "काल मी माझ्या हाताने खूण केली होती, बाई. जुना पासपोर्ट, एक. ही बघा."

खूण होती. यादीताईची खूण खोटी असणं शक्य नव्हतं. घरून निघताना डब्यात चमचा घेतला की नाही, याचीही कागदावर नोंद करणारी बाई ती. म्हणून तर तिला हे नाव पडलं होतं.

ठसेबाईने चष्मा लावून यादी वाचली. एकतीस वर्षं ती विमानतळावर, परदेशातून येणाऱ्यांच्या रांगेसमोरच्या खिडकीत बसली होती. समोर येईल त्याचा पासपोर्ट उघडायचा, माणूस बघायचा, फोटो बघायचा आणि ठसा मारायचा नाहीतर नाही मारायचा. निवृत्त झाल्यावर घरात बसून ती आठवड्याभरात कंटाळली. तेव्हापासून रोज सकाळी ती या व्हिसाचे अर्ज भरून देणाऱ्या कार्यालयात येऊन बसायची. दुसरा मजला, एक लांब टेबल, एक लोखंडी कपाट आणि भिंतीवर कुठल्या देशाला केवढा फोटो लागतो याचा तक्ता, एवढाच काय तो पसारा. इथून बाहेर पडणारा प्रत्येक अर्ज तिच्या नजरेखालून जायचा. चार वर्षांत तिने तपासलेला एकही अर्ज 'कागद अपुरे' म्हणून परत आला नव्हता, आणि ही गोष्ट ती विचारल्याशिवायही सांगायची.

"काय काय आहे ते आधी सांग," ती म्हणाली. "रडणं दुपारी."

यादीताईने सांगितलं. पाकीट फॉरेनकाका आणि काकूंचं. नवे पासपोर्ट दोन्ही आहेत. फोटो आहेत. लेकीचं बोलावण्याचं पत्र आहे, तिच्या डॉक्टरांचं पत्र आहे. नाही तो फक्त काकांचा तीस वर्षांपूर्वीचा जुना पासपोर्ट. मुदत संपलेला, कोपरा कापून रद्द केलेला.

"आणि उद्या अकराला त्यांची मुलाखत!" मालकांनी कपाळ धरलं. "लेकीचं बाळंतपण पाच आठवड्यांवर आलंय. उद्याची वेळ चुकली तर पुढची तारीख दोन महिन्यांनी. आणि त्या देशाचा नियम म्हणजे नियम, जुने सगळे पासपोर्ट सोबत हवेत. पण मी म्हणतो, चोराला काय वेड लागलं होतं? दोन कोरे करकरीत पासपोर्ट सोडून त्याने ते रद्दीचं पुस्तक नेलं! त्याच्यावर कोणी बसमध्येसुद्धा चढू देणार नाही!"

"म्हणूनच ही चोरी सोपी आहे," ठसेबाई म्हणाली. तिने रिकामं पाकीट उचललं, उलटं केलं आणि फाडलेली कड बोटाने चाचपली. "मालक, कपाटाचं कुलूप बघू नका. खिडक्या तपासू नका. रात्री इथे कोणी आलंच नव्हतं."

२

त्या कार्यालयाची एक पद्धत होती, आणि ती ठसेबाईनेच घालून दिली होती. सगळे कागद टेबलावर मांडायचे, यादीवर खुणा करायच्या, पाकिटात भरायचे, पाकीट डिंकाने चिकटवायचं. मग चिकटवलेल्या जागेवर अर्जदाराने स्वतः आडवी सही करायची, अर्धी झाकणावर, अर्धी पाकिटावर. दुसऱ्या दिवशी ठसेबाई सही जुळते का बघणार आणि पाकीट खालच्या बाजूने फाडणार. कोणी मध्ये हात घातला तर सही फाटते. आज काकांची सही जशीच्या तशी होती.

"म्हणजे जुना पासपोर्ट पाकिटात गेलाच नाही," ती म्हणाली. "खूण झाल्यावर आणि डिंक लावण्याआधी तो नाहीसा झाला. टेबलाशी तेव्हा कोण होतं?"

पाच जणं होती. मालक, यादीताई, खालच्या दुकानातला फोटोवाला, काका आणि काकू.

मालकांनी ठसेबाईला बाजूला घेतलं. "बाई, बोलू नये, पण यादीताई पुढच्या महिन्यात समोरच्या कार्यालयात जातेय. जाता जाता आपलं नाव घालवायचं असेल तर? आणि तो फोटोवाला! तोही खाली व्हिसाचं काम सुरू करणार म्हणे. दोघांचं साटंलोटं असलं तर मला नवल वाटणार नाही."

"मालक, जिला पासपोर्ट लांबवायचा असेल ती यादीवर खूण कशाला करेल? आलाच नाही म्हणाली असती, विषय संपला असता."

मालक पाणी प्यायला निघून गेले.

यादीताईला तिने कालचं सगळं पहिल्यापासून विचारलं.

"काका-काकू पाचला आले. काकूंनी पिशवीतून जुना पासपोर्ट काढला. म्हणाल्या, हे म्हणत होते हरवला, पण मला ट्रंकेच्या तळाशी सापडला. बिचाऱ्या किती खूश होत्या! मी म्हटलं, बरं झालं काकू, उद्या आमच्या बाई त्यातला एकेक शिक्का वाचतील आणि मागचा सगळा प्रवास अर्जात लिहितील. मग मी खूण केली. तेवढ्यात फोटोवाला फोटो घेऊन आला."

"तू पासपोर्ट उघडून बघितलास?"

"नाही. ते तुमचं काम. मी फक्त मोजते."

"पाकीट कोणी भरलं?"

"काकांनीच. म्हणाले, पोरी, तू दमली असशील, मी भरतो."

फोटोवाला वर आला तो तणतणतच. "माझ्यावर आळ? मी कुणाच्या कागदाला हात लावत नाही. माझ्या दोन्ही हातांत फोटो होते, ओले, कडेने धरलेले! आणि त्या काकांचं तर नावच काढू नका. नियम साधा आहे, दात दिसता कामा नयेत, चष्मा नको. पण काका प्रत्येक वेळी हसायचे. चार वेळा काढला. मग म्हणे केस नीट दिसत नाहीत, पुन्हा काढा. पाच वेळा! शेवटी मनासारखा आला, मी धावत वर आणला, सगळ्यांना दाखवला. मालक हसले, ताई हसली, काकूंनी तर दिव्याखाली धरून बघितला. आणि ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही!"

ठसेबाईने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"काय म्हणालास? पुन्हा सांग."

"ढुंकूनही पाहिलं नाही म्हटलं. का?"

"काही नाही. तू जा. तुझ्यावर आळ नाही," ती म्हणाली. जिन्यावर तेवढ्यात पावलं वाजली आणि काकांचा खणखणीत आवाज आधी आत आला.

३

फॉरेनकाका हे नाव त्यांना सगळ्या वस्तीने दिलं होतं. तीस वर्षांपूर्वी कारखान्याने त्यांना मशीनचं काम शिकायला तीन महिने परदेशी, लेक आता राहते त्याच देशात, धाडलं होतं, आणि आल्यापासून ते त्याच गोष्टी सांगत होते. माणूस मोठा गोड. इस्त्रीचा शर्ट, वर हसरा चेहरा. पासपोर्ट गेल्याचं कळल्यावर काकूंनी हातातली पिशवी टेबलावर उलटी केली. काका मात्र यादीताईच्या खुर्चीपाशी गेले.

"पोरी, तू डोळे पूस बघू. चूक कुणाचीही असू दे, हिच्या नोकरीवर गदा यायला नको, मालक. जुनंच तर पुस्तक होतं! हरवलं असं लिहून देऊ, मी सही करतो. काय बाई, चालतं ना तसं?"

"चालतं," ठसेबाई म्हणाली. "पण मग मागच्या प्रवासाचं सगळं तुम्ही तोंडी सांगायचं आणि मी लिहायचं. बसा. सांगा. मी कधी तिकडे गेले नाही, मला ऐकायला आवडेल."

काकांना आग्रह करावाच लागला नाही. ते ऐसपैस बसले.

"विमान पहाटे उतरलं. काय तो विमानतळ! लांबच लांब बोळ आणि जमिनीवर निळा गालिचा, पायांचा आवाज म्हणून नाही. मग एक खोली. खुर्च्या एकमेकींना आणि जमिनीला पक्क्या जोडलेल्या, हलवता येत नाहीत. काच एवढी मोठी, पण उघडत नाही. एक बाई होत्या अधिकारी, फार सभ्य. कागदी पेल्यात चहा दिला, बिस्किटं दिली, विचारलं, थंडी वाजतेय का? बघा, माणुसकी! आणि शिस्त तर अशी की पासपोर्ट आपल्याला हातात घेऊन फिरावाच लागत नाही. ते स्वतः सांभाळतात. येताना विमानातल्या बाईकडे दिला त्यांनी, आणि तिने इथे उतरल्यावर माझ्या हातात ठेवला!"

"वा!" मालक म्हणाले. "आणि शहर कसं आहे, काका?"

"शहर? शहर म्हणजे... काय सांगू. मोठमोठे रस्ते. स्वच्छता. कागदाचा कपटा दिसायचा नाही. मोठ्या इमारती. लोक वेळेवर कामाला जातात."

"राहायला कुठे होतात?" ठसेबाईने विचारलं.

"कारखान्याचीच खोली होती. चांगली होती."

"खिडकीतून काय दिसायचं?"

काका हसले. "बाई, तीस वर्षं झाली. एवढं कुठे आठवतंय आता?"

काकू कौतुकाने म्हणाल्या, "यांना चहाचा पेलासुद्धा आठवतो, पण खिडकी नाही आठवत बघा."

ठसेबाईने वही मिटली. तिला सगळं कळलं होतं, आणि नेहमी कळल्यावर होतो तसा आनंद तिला या वेळी झाला नाही.

"मालक," ती म्हणाली, "काकूंना घेऊन खाली जा आणि त्यांच्या फोटोची आणखी एक प्रत करून आणा. यादीताई, तूही जा. मला काकांशी एकटीने बोलायचंय."

४

दार लागल्यावर ती काकांच्या समोर बसली.

"ती खोली मला ठाऊक आहे, काका. आपल्या विमानतळावरही तशीच आहे. एकतीस वर्षं मी माणसांना त्या खोलीत पाठवलंय. आत येणारा प्रवासी खिडकीपाशी उभा राहतो, ठसा मारून घेतो आणि पुढे जातो. त्याला चहा कोणी देत नाही. चहा ज्याला परतीच्या विमानाची वाट बघत बसायचं असतं त्याला देतात."

काका हसत होते, पण नुसत्या ओठांनी.

"आणि पासपोर्ट विमानातल्या बाईकडे एकाच माणसाचा देतात. ज्याला देशात घेतलेलं नाही त्याचा. तो वाटेत दुसरीकडे जाऊ नये म्हणून. तुम्ही बोळ सांगितलात, खोली सांगितलीत, बिस्किटं सांगितलीत. सगळं तंतोतंत. दाराबाहेरचं मात्र जे सांगितलंत ते कोणत्याही मासिकात वाचायला मिळतं. तुम्ही त्या दाराबाहेर कधी गेलाच नाहीत."

खाली रस्त्यावर कोणीतरी हॉर्न वाजवत होतं.

"कालचं सांगते. काकूंनी जुना पासपोर्ट काढला तोवर ठीक होतं. पण यादीताई म्हणाली की आमच्या बाई एकेक शिक्का वाचतील, आणि तो पाकिटात जाऊ द्यायचा नाही असं तुम्ही ठरवलंत. फोटोवाला आला. पाच वेळा फोटो काढायला लावणारा माणूस तो फोटो बघत नाही, याचा अर्थ त्याच वेळी त्याला दुसरं काम होतं. चार जणांचे डोळे फोटोवर होते. तुमचे टेबलावर होते. मग पाकीट तुम्हीच भरलंत आणि सही तुम्हीच केलीत." तिने हात पुढे केला. "आणा. तुम्ही तो जाळलेला नाही. तीस वर्षं ट्रंकेत जपलात, एका रात्रीत जाळायचं धाडस तुम्हाला होणार नाही. घरी काकू आहेत, म्हणून तो तुमच्या अंगावरच आहे."

काकांनी शर्टाच्या आतल्या खिशात हात घातला. पुस्तक काढून त्यांनी तिच्या हातावर ठेवलं.

पान सापडायला ठसेबाईला शोधावं लागलं नाही. आत येण्याचा ठसा, आणि त्यावर पेनाने मारलेली मोठी फुली. अशा किती फुल्या तिने स्वतःच्या हाताने मारल्या होत्या. ती माणसं मागे फिरून कुठे गेली असतील, हा विचार तिने कधी केला नव्हता. आज तो आला आणि तिला वाईट वाटलं.

"काय झालं होतं?"

"कारखान्याच्या मध्यस्थाने नुसता भेटीला जायचा व्हिसा काढला होता," काका म्हणाले. आवाज पार बदलला होता. "मला म्हणाला, विचारलं तर सांग, फिरायला आलोय. मी खिडकीवर खरं बोललो, बाई. म्हटलं, मशीनवर काम करायला आलोय. अकरा तास त्या खोलीत बसवलं आणि परत पाठवलं. अहो, मला निरोप द्यायला साठ माणसं आली होती विमानतळावर! दुसऱ्या दिवशी कुठल्या तोंडाने घरी जाऊ? कारखान्याचे साहेब म्हणाले, कागद दुरुस्त करतो, तोवर आपल्या दुसऱ्या गावच्या गोदामात राहा, बोभाटा नको. कागद काही दुरुस्त झाले नाहीत. तीन महिने मी तिथे पेट्या मोजल्या. दर रविवारी बूथवरून घरी फोन करायचो. इथून सहा तासांवर होतो."

"आणि आता अर्जात प्रश्न आहे, तुम्हाला कधी कुठल्या देशाने प्रवेश नाकारलाय का?"

"तिथे 'नाही' लिहा. तुमच्या पाया पडतो. एकदा खरं बोललो तर परत पाठवलं मला. आता लेकीचं बाळंतपण आहे."

"ऐका," ठसेबाई म्हणाली, आणि तिचा खिडकीतला जुना आवाज परत आला. "तेव्हा तुम्हाला खरं बोललात म्हणून नाही परत पाठवलं. व्हिसा चुकीचा होता म्हणून पाठवलं. तीस वर्षांपूर्वीचा नकार, कारण साधं, तुम्ही काही लपवलं नव्हतंत. 'होय' लिहून खाली चार ओळी लिहिल्या, तर तिथला अधिकारी वाचेल आणि पान उलटेल. 'नाही' लिहिलंत आणि त्यांच्या नोंदीत ही फुली निघाली, तर खोटी माहिती म्हणून दार कायमचं बंद. पाच आठवडेच काय, बाळ शाळेत जाईल तरी तुम्ही इथेच. नोंद असेलच का, मला माहीत नाही. मी कायम असं धरून चालते की आहे. म्हणून माझा अर्ज परत येत नाही."

काकांनी विचारलं, "आणि हिला?"

"उद्या दोघांना एकाच खिडकीत उभं करणार आहेत. ते काकूंनाही विचारतील. तिथे कळण्यापेक्षा..."

तिचं वाक्य पुरं झालं नाही. दार केव्हा उघडलं ते दोघांनाही कळलं नव्हतं. नव्या फोटोची प्रत हातात धरून काकू उंबऱ्यात उभ्या होत्या.

५

"केव्हापासून ऐकतेयस?" काकांनी विचारलं.

"पेट्या मोजल्या तिथपासून."

त्या येऊन बसल्या. ठसेबाई उठायला लागली तेव्हा त्यांनी हातानेच खूण करून तिला थांबवलं. काकांना मान वर करायची हिंमत होईना.

"पोरगी सात महिन्यांची होती," काकू म्हणाल्या. "पहिला दात आला तेव्हा तिला ताप होता, मी तिला खांद्यावर घेऊन फोनपाशी उभी होते. ती रडत होती. तुम्ही म्हणालात, आवाज नीट येत नाही इथून, ठेवतो. आठवतंय?"

"हो."

"आवाज येत होता ना?"

काकांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "स्वच्छ येत होता," ते म्हणाले.

"सहा तास," काकू म्हणाल्या. "मला वाटायचं, समुद्रापलीकडे आहेत, येणार कसे. मी तुमच्यावर एकदाही रागावले नाही हो. तीन महिन्यांत एकदाही नाही. आता तो सगळा राग मी कुठे नेऊ?"

काकूंनी पदराने तोंड पुसलं, खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि अर्ज पुढे सरकवला.

"लिहा, बाई. 'होय' लिहा. आणि खालच्या चार ओळी यांच्या हाताने लिहून घ्या."

त्या चार ओळी लिहायला काकांना पाऊण तास लागला. यादीताईने नवं पाकीट काढलं, नवी यादी केली आणि या वेळी पाकीट स्वतः भरलं. मालकांनी दोनदा तिची माफी मागितली आणि समोरच्या कार्यालयात जाऊ नकोस म्हणून चारदा विनवलं. ती विचार करते म्हणाली, म्हणजे जाणार होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमाराला दोघं जिना चढून वर आली तेव्हा ठसेबाई घरी जायला निघाली होती. ती थांबली.

"पासपोर्ट परत दिले की ठेवून घेतले?" तिने पहिलं तेच विचारलं.

"ठेवून घेतले," काका म्हणाले.

"मग झालं काम," ती म्हणाली. "नाकारायचं असलं की हातात परत देतात. आठ दिवसांत व्हिसा लागेल. काय विचारलं?"

"ते चार ओळींचं वाचलं, म्हणाले बरं, आणि पान उलटलं. अगदी तुम्ही म्हणालात तसं! मग हिला विचारलं, नवऱ्याला परत पाठवलं होतं हे तुम्हाला माहीत होतं का?"

"मी म्हटलं, काल कळलं," काकू म्हणाल्या. "तो मुलगा तरुणच होता हो. त्याने कागदातून मान वर केली. म्हणाला, तरी यांच्याबरोबर जाताय? मी म्हटलं, मी यांच्याबरोबर नाही जात. मी लेकीकडे जातेय, हे माझ्याबरोबर येताहेत."

ठसेबाई मोकळेपणाने हसली. काकाही हसले, पण काकू हसत नाहीत हे बघून थांबले.

"आता पोचलात की लेकीला आनंदच होईल," मालक मधेच म्हणाले. "बाबांनी पुन्हा फॉरेन गाठलं म्हणून!"

"तिला हे सांगणार आहेत," काकू म्हणाल्या. "मी नाही सांगणार. यांनी सांगायचं, गोदामाचं, फोनचं, सगळं. ती तिथे होती माझ्या खांद्यावर, तिचाही हक्क आहे."

"सांगतो की," काका घाईने म्हणाले. "सांगणारच आहे. पण बाळंतपण होऊ दे आधी, बाळाला बघू दे जरा, मग निवांत एखाद्या दिवशी..."

"नाही," काकू म्हणाल्या. "आधी तिला सांगायचं. मग बाळाला हात लावायचा."

काकांनी ठसेबाईकडे बघितलं. तिने मान हलवली, इथे तिचं काही चालण्यासारखं नव्हतं.

"बरं," काका म्हणाले, आणि काकूंच्या हातातली पिशवी त्यांनी आपल्या हातात घेतली.